मुंबई ते न्यूयॉर्क : किलोमीटर ठरलेले, वेळ मात्र आपण मोजायची

गेल्या महिन्यात माझा पुतण्या विमानाच्या तिकिटाचा कागद घेऊन दुकानात आला. सोलापूरचे टर्किश टॉवेल घेणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका पार्टीला भेटायला तो पहिल्यांदाच जाणार आहे. चेहऱ्यावर आनंद होता. म्हणाला, ‘‘चाचा, रात्री पावणेदोनला मुंबईत बसायचं आणि त्याच दिवशी सकाळी सव्वाआठला न्यूयॉर्क! साडेसहा तासांचा सफर. आपल्या सोलापूरहून मुंबईला जायलाही तेवढाच वेळ लागतो.’’

तो अर्धवट थट्टेत बोलत होता, पण अर्धवट खरेही समजत होता. मी विचारले, ‘‘पार्टीला भेटायची वेळ कोणती दिली आहेस?’’ तो म्हणाला, ‘‘त्याच दिवशी सकाळी ११.’’ हे ऐकून मी हातातील पावती-पुस्तक बाजूला ठेवले आणि त्याला समोर बसवले. त्या दिवशी आम्ही दोघांनी जो हिशेब केला, तोच वाचकांसमोर मांडतो. परदेशी माल पाठविणाऱ्या आपल्या अनेक तरुणांना तो उपयोगी पडेल असे वाटते.

नकाशा फसवितो

मुंबई आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. हे अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे. नकाशावरच्या सरळ रेषेने, म्हणजे एकच दिशा धरून निघालो, तर तोच प्रवास सुमारे १४,२०० किलोमीटरचा होतो. सोळाशेहून अधिक किलोमीटर विनाकारण जास्त!

हे समजून घ्यायला मोठे गणित लागत नाही. मुलांच्या शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि कारखान्यातला सुताचा एक धागा घ्या. धाग्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून धागा घट्ट ताणा. तो अरबस्तान किंवा आफ्रिकेवरून जाणार नाही. तो उत्तरेकडे वर चढेल. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या आसपास, मग स्वीडन-नॉर्वे, आइसलँडच्या जवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून कॅनडा आणि तेथून खाली न्यूयॉर्क. हाच सर्वांत जवळचा रस्ता. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर धागा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार करून पाहा, अंतर बरोबर येते.

आपल्या वाचकांना ही गोष्ट दुसऱ्या वाटेनेही माहीत आहे. मक्का शहर न्यूयॉर्कच्या मानाने बरेच दक्षिणेला आहे. तरीही न्यूयॉर्कमधील मशिदींचा किब्ला ईशान्येकडे आहे. नवा माणूस तेथे गोंधळतो. पण कारण तेच. गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची दिशा सपाट नकाशावरच्या दिशेपेक्षा वेगळी असते. अकराव्या शतकात अल-बेरूनी यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश काढून गझनीहून मक्केची दिशा कशी ठरवावी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज वैमानिक जो रस्ता आखतात त्याच्या मुळाशी गोलावरचे तेच भूमितीशास्त्र आहे.

किलोमीटर तेच, तास वेगळे

आता वेळेकडे येऊ. मोठी जेट विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. १२,५४० ला ९०० ने भागले तर सुमारे १४ तास येतात. मग जाताना १६ आणि येताना साडेचौदा तास असा फरक का?

याचे पहिले कारण वारा. या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर आणि हिवाळ्यात त्याहूनही जास्त असा त्यांचा जोर असतो. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. वैमानिक समोरचा वारा शक्य तितका टाळतो आणि पाठचा वारा शक्य तितका घेतो. त्यामुळे रस्ताही रोज थोडा बदलतो. सायकलवर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

दुसरे कारण बंद रस्ते. धाग्याने दाखविलेला सरळ रस्ता अनेक देशांच्या आकाशातून जातो आणि आकाशालाही दरवाजे असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द मोठ्या प्रमाणात बंद राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपच्या आणि त्यानंतर अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने मुंबई-नेवार्क थेट सेवा थांबविली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी केली, तेव्हा दिल्लीहून सुटणाऱ्या अमेरिकेच्या विमानांना लांबचा वळसा पडला आणि काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. शहरे जागची हलली नाहीत, अंतर एक किलोमीटरनेही वाढले नाही, पण वेळ वाढला.

मालाच्या बाबतीत हा अनुभव आपण घेतलाच आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावा-शेव्याहून निघालेले अनेक कंटेनर सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. किती पार्ट्यांनी उशिराबद्दल रक्कम कापली, हे ज्याचे त्याला ठाऊक. माणसाच्या प्रवासातही तेच घडते. म्हणून तिकीट काढताना मागच्या वर्षीचे तास धरू नयेत, त्या आठवड्याचे वेळापत्रक पाहावे.

घड्याळाची वजाबाकी

आता पुतण्याचे साडेसहा तास कोठून आले ते पाहू. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. दोन गावांची घड्याळे वेगळी असतील तर एकातून दुसरी वजा करून उपयोग नाही.

भारताचे घड्याळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कचे हिवाळ्यात पाच तास आणि उन्हाळ्यात चार तास मागे आहे. म्हणजे आपल्यात व त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर पडते. सप्टेंबरमध्ये साडेनऊ. पुतण्याचे साडेसहा अधिक हे साडेनऊ, म्हणजे १६ तास. हा झाला विमानातला खरा वेळ.

परतीचे तिकीट उलटे फसविते. न्यूयॉर्कहून दुपारी १२ वाजता निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता पोहोचायचे, असे छापलेले असेल तर २४ तासांचा प्रवास वाटतो. त्यातून साडेनऊ वजा करा, साडेचौदा तास उरतात. नियम सोपा आहे. पश्चिमेला जाताना फरक मिळवा, पूर्वेला येताना वजा करा.

उन्हाळी-हिवाळी घड्याळाची ही गोष्ट मी पुस्तकात वाचून सांगत नाही. त्याची किंमत मी मोजली आहे. २००७ पासून अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. २०११ च्या मार्चमध्ये मी शनिवारी रात्री न्यूयॉर्कला पोहोचलो. मनगटी घड्याळ तेथील वेळेला लावले. मोबाईल मात्र रोमिंगच्या खर्चाच्या भीतीने बंदच ठेवला. रविवार, १३ मार्च रोजी पहाटे त्या देशाची घड्याळे पुढे सरकली. मला कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. सोमवारी सकाळी १० ची वेळ ठरली होती. माझ्या घड्याळात पावणेदहा वाजता मी सॅम्पलची पिशवी घेऊन त्या पार्टीच्या दारात उभा राहिलो. तेथे पावणेअकरा वाजले होते.

मला दिलेली पाऊण तासाची वेळ संपली होती. आत दुसरा माल दाखविणारा बसला होता. त्यांनी रागावून काही म्हटले नाही, चहा-कॉफीही विचारली. पण दहा मिनिटांत टॉवेलचे वजन, दर आणि रंग यांतले काय सांगून होणार? दोन कंटेनरची ऑर्डर दुसरीकडे गेली. त्या ऑर्डरच्या भरवशावर मी सूत उचलून ठेवले होते. पुढचे दोन महिने आमच्या आठ लूमवर जॉबचे काम चालवून विणकरांची मजुरी कशीबशी काढली. एका तासाची चूक माझी होती, भोगली मात्र त्यांनीही. तेव्हापासून परदेशी जाण्याआधी मी दोन्ही देशांच्या घड्याळांचा फरक कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवतो.

आणखी एक सापळा तारखेचा. आपल्याकडून पश्चिमेला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री पावणेदोन असे असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री हजर व्हायचे असते. आमच्या ओळखीचे एक कारखानदार १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन गेले. विमान जाऊन वीस तास होत आले होते. तिकिटाचे पैसे तर गेलेच, नवे तिकीट दुप्पट भावाने घ्यावे लागले.

मधला मुक्काम : रस्ता वाढत नाही, वेळ वाढतो

पुतण्याचा दुसरा प्रश्न पैशांचा होता. ‘‘थेट विमान महाग आहे. दुबई किंवा इस्तंबूलवरून गेलो तर स्वस्त पडतं. पण रस्ता केवढा लांब होईल?’’

सर्वसाधारण समज असाच आहे. आकडे वेगळे सांगतात. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. बेरीज १२,९५०. थेट अंतरापेक्षा फक्त ४१० किलोमीटर जास्त. इस्तंबूलवरून साधारण १२,८८०, म्हणजे ३४० जास्त. लंडनवरून ७,२१० आणि ५,५४० मिळून १२,७५०, म्हणजे २१० जास्त. ताशी ९०० च्या वेगाने ४१० किलोमीटर जायला अर्धा तासही लागत नाही.

मग वेळ जातो कोठे? तो जमिनीवर जातो. उतरणे, पुन्हा तपासणी, दुसऱ्या दरवाजापर्यंत चालणे आणि पुढच्या विमानाची वाट पाहणे. मुंबई-दुबई सव्वातीन तास, तेथे चार तास थांबणे आणि पुढे चौदा तास, असे धरले तर सव्वाएकवीस तास होतात. थेट प्रवासापेक्षा सव्वापाच तास जास्त. थांबा अकरा तासांचा असेल तर बाराहून अधिक तास जास्त.

याचा व्यापारी हिशेब असा करावा. वाचलेले पैसे भागिले वाढलेले तास. समजा पंधरा हजार रुपये वाचतात आणि पाच तास वाढतात, तर प्रत्येक तासामागे तीन हजार रुपये मिळाले. तरुण माणसाने खुशाल घ्यावे. पण तीन हजार वाचविण्यासाठी बारा तास वाढत असतील, तर तासाला अडीचशे रुपये पडतात. त्यासाठी रात्रभर विमानतळाच्या खुर्चीवर अंग मोडून घेऊन सकाळी सौद्याला बसणे हा तोट्याचा धंदा आहे.

यात दोन अटी पाळाव्यात. पहिली, दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत. पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी मग कंपनीवर असते. स्वस्तात पडते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे घेतली आणि दुसरे विमान चुकले, तर सहसा कोणी विचारत नाही. दुसरी, मधल्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो काय, हे तिकिटाआधी तपासावे. काही देशांत नुसते विमान बदलण्यासाठीही तो लागू शकतो. आणि टॉवेलचे मुख्य सॅम्पल नेहमी हातातील बॅगेत ठेवावेत. विमान बदलताना मोठी बॅग मागे राहिली तर आपण रिकाम्या हाताने पार्टीसमोर बसू.

कारखान्यापासून पार्टीच्या दारापर्यंत

एवढे झाल्यावर मी पुतण्याला म्हटले, ‘‘आता विमान विसर. आपल्या कारखान्याच्या फाटकापासून त्या पार्टीच्या दारापर्यंतचे तास मांड.’’ त्याने कागद घेतला. रेल्वेने सोलापूर ते मुंबई सात तास. स्टेशनवरून विमानतळ दीड तास. रेल्वे उशिरा आली तर म्हणून हाताशी तीन तास. विमानतळावर आधी हजर राहणे साडेतीन तास. विमानात १६ तास. न्यूयॉर्कला पासपोर्टची रांग आणि सामान दीड तास. विमानतळापासून शहराच्या मध्यभागी जाणे दीड तास, कारण अंतर पंचवीस-तीस किलोमीटर असले तरी सकाळची गर्दी असते.

बेरीज ३४ तास. विमानातला वेळ त्यात अर्ध्याहूनही कमी निघाला. साडेसहा तासांचा सफर कागदावर चौतीस तासांचा झाला आणि तोही थेट विमानाने. दुबईवरून गेला असता तर एकोणचाळीस-चाळीस.

मग त्याची नजर स्वतःच ११ वाजताच्या भेटीवर गेली. विमान सव्वाआठला वेळेवर उतरले तरी पासपोर्ट आणि सामान होऊन पावणेदहा. टॅक्सीने सव्वाअकरा. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी पंधरा मिनिटे उशीर ठरलेलाच. आणि पार्टीसमोर कोण बसणार? दीड रात्र न झोपलेला माणूस, ज्याचे शरीर अजून सोलापूरच्या घड्याळावर चालते आहे आणि जेथे त्या वेळी रात्रीचे पावणेनऊ वाजलेले असतील. दराची घासाघीस अशा डोक्याने करू नये. दरात एका सेंटची चूक झाली तरी दोन कंटेनरमध्ये ती किती होते, हे धंद्यातील माणसाला सांगायला नको.

पुतण्याने तेथेच पार्टीला निरोप पाठविला आणि भेट दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता ठेवली. लगेच होकार आला. एका रात्रीच्या खोलीचे भाडे वाढले, पण ते मालाच्या खर्चात धरता येते. गेलेली ऑर्डर कोणत्याच खात्यात धरता येत नाही.

ध्यानात ठेवण्यासारखे

जगात याहून लांबची विमानेही आहेत. सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातील अंतर १५,३०० किलोमीटरहून जास्त आहे आणि ते विमान कोठेही न थांबता सुमारे साडेअठरा तासांत जाते. त्या सेवेतही हाच नियम लागू पडतो. किलोमीटर पृथ्वीने ठरविलेले आहेत, ते बदलत नाहीत. वारा, बंद आकाश, मधला थांबा, रांगा आणि घड्याळांचा फरक यांनी वेळ ठरतो आणि तो प्रत्येक प्रवासाला नव्याने मोजावा लागतो.

म्हणून परदेशी निघणाऱ्या आपल्या तरुणांना एवढेच सांगणे. तिकिटावरची तारीख मध्यरात्रीची आहे काय ते पाहा. दोन्ही गावांच्या घड्याळांचा त्या दिवशीचा फरक लिहून घ्या. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तर दोनदा पाहा. वाचणारे पैसे आणि वाढणारे तास यांचा भागाकार करा. घराच्या दारापासून पार्टीच्या दारापर्यंत बेरीज करा आणि पोहोचण्याच्या दिवशी सौदा ठेवू नका.

आपण गिऱ्हाइकाला टॉवेल देताना वजन ग्रॅममध्ये आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून देतो. एक सेंटिमीटर कमी भरला तर माल परत येतो. मग आपला स्वतःचा वेळ अंदाजाने का मोजावा? पुतण्या सप्टेंबरमध्ये निघेल, इन्शाअल्लाह. फरकाचा कागद मी त्याच्या पासपोर्टमध्ये आताच ठेवून दिला आहे.